विष्णुदास भावे

विष्णू अमृत भावे उर्फ विष्णुदास भावे (१८१९ - ९ ऑगस्ट १९०१) हे मराठी नाटककार, नाट्यदिग्दर्शक आणि नाटक मंडळीचे चालक होते. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून त्यांनी रचलेल्या 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात झाला. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून साजरा केला जातो. भावे यांना मराठी रंगभूमीचे जनक असे म्हटले जाते.

राजाच्या सांगण्यावरून आणि राजाच्या खर्चाने निर्माण झालेले नाटक कोणाचे, हा प्रश्न भावे यांच्या जीवनात प्रत्यक्ष उभा राहिला. आश्रयदात्याच्या निधनानंतर त्यांना कर्ज डोक्यावर घेऊन गावोगावी प्रयोग करावे लागले. त्यांनी घडवलेला नाट्यप्रकार अल्पावधीत इतर मंडळ्यांनी उचलला. १८८५ साली त्यांनी आपली पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्या प्रकारच्या नाटकांचा काळ सरत आला होता. भारतातील रंगभूमीवरील निर्मात्याच्या हक्कांचा इतिहास पाहताना त्यामुळे भावे यांचे चरित्र महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण महाराष्ट्रात कलावंतांचा चरितार्थ मुख्यतः संस्थानिक, सरदार आणि देवस्थाने यांच्या आश्रयावर चालत असे. कीर्तनकार, गवई, शाहीर, चित्रकार व कारागीर यांना दरबारातून नेमणूक, बिदागी किंवा इनाम मिळे. कलाकृतीच्या मालकीचा स्वतंत्र विचार या व्यवस्थेत नव्हता. कलावंत धन्याच्या पदरी असे आणि त्याने केलेले काम धन्याच्या दरबाराची शोभा मानले जाई. धनी उदार असेपर्यंत या व्यवस्थेतील उणीव जाणवत नसे. धन्याचा मृत्यू झाला किंवा राज्य गेले, की कलावंताच्या हाती दाखवण्याजोगा कोणताही हक्क उरत नसे.

हे आश्रयस्थान त्या काळात झपाट्याने आक्रसत होते. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले. त्यांच्यानंतर गादीवर आलेले शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे १८४८ साली निधन झाले. त्यानंतर दत्तक वारस नामंजूर करून सातारचे राज्य खालसा करण्यात आले. सातारच्या दक्षिणेला, कृष्णाकाठी असलेले सांगलीचे पटवर्धन संस्थान मात्र टिकून राहिले. चिंतामणराव आप्पासाहेब हे सांगली संस्थानचे पहिले अधिपती होत. मिरजेच्या पटवर्धन घराण्यातून वेगळे होऊन त्यांनी सांगलीला आपली राजधानी केली. सांगलीचे गणपती मंदिर त्यांनीच उभारले. धार्मिक वृत्तीचा आणि कलांची आवड असलेला राज्यकर्ता अशी त्यांची ख्याती होती.

जन्म आणि बालपण

विष्णुदासांचे वडील अमृतराव भावे हे चिंतामणरावांच्या पदरी फौजेत अधिकारी होते. त्यामुळे विष्णुदासांचे बालपण दरबाराच्या सावलीतच गेले. पुस्तकी शिक्षणापेक्षा त्यांचा ओढा गोष्टी रचणे, कविता करणे, चित्रे काढणे आणि मूर्ती घडवणे याकडे अधिक होता. लाकडी बाहुल्या तयार करून त्या सूत्रांच्या साहाय्याने नाचवण्याची कलाही त्यांनी आत्मसात केली होती. हे हस्तकौशल्य आणि पदे रचण्याची शक्ती या दोन्ही गोष्टी चिंतामणरावांच्या नजरेत भरल्या. पुढे नाटकासाठी लागणारे मुखवटे, शस्त्रे, मुकुट व इतर साहित्य तयार करताना त्यांना या कारागिरीचा मोठा उपयोग झाला.

सीतास्वयंवर (१८४३)

१८४२ साली उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली. या मंडळीने यक्षगान पद्धतीचे खेळ दरबारात करून दाखवले. चिंतामणरावांना खेळांची कल्पना आवडली, परंतु त्यांतील ओबडधोबडपणा रुचला नाही. असेच खेळ अधिक नीटनेटक्या स्वरूपात मराठीत व्हावेत अशी त्यांची इच्छा झाली आणि हे काम त्यांनी विष्णुदासांवर सोपवले. त्या वेळी विष्णुदास ऐन विशीत होते.

नाटक हा शब्द संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असला, तरी मराठीत रंगमंचावर करून दाखवण्याच्या नाटकाचा नमुना विष्णुदासांसमोर नव्हता. भागवतांचे खेळ, कीर्तनातील आख्यान लावण्याची पद्धत, लळिते व दशावतारी खेळ यांसारखे लोकनाट्यप्रकार आणि पोथीपुराणांतील कथा एवढीच सामग्री त्यांना उपलब्ध होती. त्यांनी रामायणातील सीतास्वयंवराचे आख्यान निवडले, त्यावर पदे रचली, ती चालींवर बसवली, पात्रांची निवड केली, त्यांना शिकवले आणि वेशभूषा व रंगमंचाचे साहित्य सिद्ध केले. लेखक, संगीतयोजक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि व्यवस्थापक या सर्व भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडल्या.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी हा प्रयोग राजवाड्यात झाला आणि तो चिंतामणरावांच्या पसंतीस उतरला. त्यानंतर विष्णुदासांनी दरबाराच्या आश्रयाखाली रामायणातील इतर प्रसंगांवरही नाटके रचून त्यांचे प्रयोग केले. नाटकात सोंग घेऊन उभे राहणे हे त्या काळी प्रतिष्ठित घरांतील तरुणांना कमीपणाचे मानले जात असे. स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि त्याबद्दलही टीका होई. अशा परिस्थितीत राजाचे पाठबळ हेच मंडळीचे मोठे संरक्षण होते.

नाटकांचे स्वरूप

भावे यांच्या नाटकांची रचना ठराविक असे. आरंभी सूत्रधार साथीदारांसह मंगलाचरण म्हणे. त्यानंतर विदूषक प्रवेश करी आणि सूत्रधार व विदूषक यांच्यात विनोदी संभाषण होई. मग विघ्नहर्ता गणपती आणि पाठोपाठ सरस्वती रंगमंचावर येत. त्यांचे स्तवन झाल्यावर मुख्य आख्यानास सुरुवात होई. सूत्रधार प्रयोग संपेपर्यंत रंगमंचावर राहून पदे गात असे आणि त्या पदांमधून कथानक पुढे सरके. पदात आलेला प्रसंग पात्रे अभिनयाने व आपल्या भाषणांनी उभा करीत. राक्षसांच्या आरोळ्या आणि युद्धाचे आवेशपूर्ण प्रसंग हे प्रेक्षकांचे विशेष आकर्षण होते. राक्षसपात्रांच्या गर्जनांवरून या प्रकारच्या नाटकांना पुढील काळात थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हटले जाऊ लागले.

या नाटकांत पदे तेवढी विष्णुदासांनी लिहून ठेवलेली असत. पात्रांची गद्य भाषणे लिखित नसत. आख्यानाचा आशय समजून घेऊन नट ती आयत्या वेळी स्वतः रचून बोलत. त्यामुळे आजच्या अर्थाने ज्याला नाटकाची संहिता म्हणतात, ती या नाटकांना नव्हती. कथानक रामायण, महाभारत व पुराणे यांतील असल्याने तेही सर्वांचेच होते. मांडणीचा साचा, पदांच्या चाली, पात्रांच्या प्रवेशाचा क्रम, वेश आणि रंगमंचावरील युक्त्या ही विष्णुदासांची खरी निर्मिती होती. तिचा फार मोठा भाग कागदावर उतरलेला नव्हता. जो प्रयोग पाही, त्याला ही सारी निर्मिती उचलता येत होती.

आश्रयदात्याचे निधन आणि कर्ज

१५ जुलै १८५१ रोजी चिंतामणराव आप्पासाहेबांचे निधन झाले. त्यांचे वारस धुंडिराजराव त्या वेळी अल्पवयीन होते आणि संस्थानचा कारभार इतरांच्या हाती गेला. नव्या कारभारात नाटकाच्या खेळांना पूर्वीचे स्थान राहिले नाही. विष्णुदासांचा राजाश्रय संपला. नाटकासाठी झालेले कर्ज फेडण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

या घटनेत त्या काळच्या आश्रयपद्धतीचे मर्म दिसते. नाटक करण्याची आज्ञा राजाची होती, प्रयोग राजवाड्यात होत होते आणि त्यांचे श्रेय दरबाराला मिळत होते. मात्र ही व्यवस्था धनी आणि पदरचा माणूस यांच्यातील विश्वासावर उभी होती. त्या विश्वासाचा एक पक्ष नाहीसा होताच दुसऱ्या पक्षाकडे नेमणूक राहिली नाही, मोबदला राहिला नाही आणि केलेल्या कामावरचा मान्य हक्कही राहिला नाही. उलट एक गोष्ट विष्णुदासांच्या पथ्यावर पडली. दरबारानेही या नाटकांवर मालकी सांगितली नाही. पदे, साहित्य आणि शिकवून तयार केलेली माणसे घेऊन सांगलीबाहेर पडण्यास त्यांना अडथळा आला नाही.

लोकाश्रयाकडे

राजाश्रय गेल्यानंतर विष्णुदासांनी आपल्या मंडळीसह दौरे सुरू केले. ही मंडळी 'सांगलीकर नाटक मंडळी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १८५३ साली ती मुंबईस पोहोचली. तेथील प्रारंभीचे प्रयोग यशस्वी झाल्यावर ग्रँट रोड येथील नाट्यगृहात नाटक करण्याची संधी मंडळीला मिळाली. इंग्रजी नाटकांसाठी १८४६ साली सुरू झालेले हे नाट्यगृह उंच रंगमंच, पडदे आणि प्रेक्षकांसाठी मांडलेल्या आसनांनी सज्ज होते. मार्च १८५३ मध्ये तेथे 'इंद्रजितवध' या नाटकाचा प्रयोग झाला. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांसारख्या मुंबईतील प्रतिष्ठित नागरिकांचे साहाय्य मंडळीला लाभले. तिकीट लावून झालेल्या या प्रयोगांना सर्व थरांतील प्रेक्षक आले आणि वृत्तपत्रांनीही त्यांची दखल घेतली.

मुंबईतील बहुभाषिक प्रेक्षक लक्षात घेऊन विष्णुदासांनी राजा गोपीचंदाच्या कथेवरील नाटक हिंदीतही सादर केले. मराठी मंडळींनी मुंबईत केलेल्या या प्रयोगांचा परिणाम तेथील पारशी रंगभूमीच्या प्रारंभीच्या घडणीवरही झाला असे नाट्येतिहासकार मानतात.

तिकिटाच्या पद्धतीमुळे नाटकाच्या अर्थकारणात मूलभूत बदल झाला. दरबारात एकाच धन्याच्या प्रसन्नतेवर मोबदला अवलंबून असे. नाट्यगृहात मोबदला अनेक अनोळखी प्रेक्षकांकडून थोडाथोडा जमा होऊ लागला. यामुळे विष्णुदासांना स्वतंत्र उत्पन्नाचा मार्ग मिळाला. परंतु प्रवास, नाट्यगृहाचे भाडे, नटांचा निर्वाह आणि साहित्याची डागडुजी हा सर्व खर्चही आता त्यांनाच सोसावा लागला. प्रत्येक प्रयोगातील उत्पन्न हाच कामाचा एकमेव मोबदला होता. मंडळी थांबली की उत्पन्नही थांबत असे. सुमारे दहा वर्षे असे दौरे केल्यानंतर १८६२ च्या सुमारास विष्णुदासांनी नाट्यव्यवसायातून निवृत्ती घेतली आणि ते सांगलीस परतले.

इतर मंडळ्या आणि अनुकरण

सांगलीकर मंडळीचे यश पाहून दक्षिण महाराष्ट्रात व अन्यत्र अनेक नाटक मंडळ्या निघाल्या. इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर आणि अमरचंदवाडीकर या त्यांपैकी प्रसिद्ध मंडळ्या होत. सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती आणि त्यानंतर पौराणिक आख्यान हा भावे यांनी रूढ केलेला क्रम या मंडळ्यांनीही स्वीकारला. काही वर्षांतच ही पद्धत एका व्यक्तीची न राहता सर्व पौराणिक नाटकांची सर्वसाधारण पद्धत बनली.

या अनुकरणाकडे दोन बाजूंनी पाहता येते. आद्य निर्मात्याला त्यातून कोणताही आर्थिक लाभ झाला नाही. त्याच्याच पद्धतीचे खेळ करणाऱ्या मंडळ्या त्याच्याच प्रेक्षकांसाठी स्पर्धेत उतरल्या. दुसऱ्या बाजूने पाहता, ही पद्धत मुक्तपणे उचलता आली म्हणूनच नाटक हा व्यवसाय पंचवीस-तीस वर्षांत गावोगावी पोहोचला आणि पुढील नाटककारांना तयार प्रेक्षक मिळाला. स्वतः विष्णुदासांनीही कर्कीच्या भागवतांच्या खेळावरूनच आपला आरंभ केला होता. आजच्या प्रताधिकार कायद्यातही कल्पना, शैली किंवा नाट्यप्रकार यांवर कोणाची मालकी मान्य केली जात नाही. संरक्षण मिळते ते त्या कल्पनेच्या विशिष्ट आविष्काराला. भावे यांच्या बाबतीत असा विशिष्ट आविष्कार म्हणजे त्यांची पदे होती.

दरम्यान मराठी नाटकाचे स्वरूपही बदलू लागले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ साली लिहिले गेले आणि इचलकरंजीकर मंडळीने ते रंगभूमीवर आणले. संपूर्ण भाषणे लिहिलेल्या अशा नाटकांना 'बुकिश' नाटके म्हणत. यांत नाटककाराचा शब्द कागदावर स्थिर झाला आणि नटाच्या आयत्या वेळच्या भाषणाची जागा पाठ केलेल्या संवादाने घेतली. नाटककार आणि मंडळी या दोन वेगळ्या संस्था म्हणून ओळखल्या जाण्यास येथूनच सुरुवात झाली. पुढील काळात संहितेच्या हक्कांवरून होणारे व्यवहारही त्यामुळेच शक्य झाले.

तत्कालीन कायदा

विष्णुदास दरबारात नाटके करीत होते त्याच काळात, १८४७ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलखासाठी ग्रंथांच्या प्रताधिकाराचा कायदा संमत झाला. त्यानुसार हा अधिकार लेखकाच्या हयातीत व त्यानंतर सात वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जो काळ अधिक असेल तेवढा काळ टिकत असे. ज्ञानकोश, नियतकालिके आणि मालिकारूपाने निघणारे ग्रंथ यांसाठी मोबदला देऊन लिहवून घेतलेल्या मजकुराचा अधिकार प्रकाशकाकडे किंवा चालकाकडे जाण्याची तरतूदही त्यात होती. मोबदल्यावर करून घेतलेल्या कामाची मालकी काम करवून घेणाऱ्याकडे जाते, हे तत्त्व भारतीय कायद्यात इतक्या लवकर आलेले दिसते.

विष्णुदासांना मात्र या कायद्याचा फारसा उपयोग होण्यासारखा नव्हता. सांगली हे संस्थान असल्याने कंपनीच्या मुलखाचा कायदा तेथे लागू नव्हता. शिवाय १८४७ च्या कायद्यातील अधिकार हा छापण्याचा व प्रती काढण्याचा अधिकार होता, प्रयोग करण्याचा नव्हे. युरोपात ही उणीव आधीच ओळखली गेली होती. फ्रान्समध्ये नाटककार बोमार्शे यांनी १७७७ साली नाटककारांना संघटित केले आणि १७९१ च्या कायद्याने नाटककाराच्या संमतीवाचून त्याच्या नाटकाचा प्रयोग करण्यास बंदी घातली. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने नाटककाराला प्रयोगाचा स्वतंत्र हक्क मिळाला. भारतीय कायद्यात जाहीर प्रयोगाचा हक्क स्पष्टपणे आला तो ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यावर आधारलेल्या १९१४ च्या कायद्याने. तोपर्यंत विष्णुदासांच्या निधनाला तेरा वर्षे झाली होती.

नाट्यकवितासंग्रह (१८८५)

निवृत्तीनंतर दोन तपे उलटल्यावर विष्णुदासांनी आपल्या नाटकांतील पदे एकत्र करून १८८५ साली 'नाट्यकवितासंग्रह' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रामायण, महाभारत व पुराणे यांतील सुमारे पन्नास आख्यानांवरील पदे त्यात आहेत. आपल्या नाट्यव्यवसायाची हकीकतही त्यांनी या ग्रंथाच्या निमित्ताने सांगितली. त्यामुळे मराठी रंगभूमीच्या आरंभकाळाविषयीचे ते एक मूळ साधन ठरले आहे.

हा ग्रंथ निघाला तेव्हा रंगभूमीवर वेगळेच युग सुरू झाले होते. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे 'शाकुंतल' १८८० साली आणि 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. किर्लोस्करांच्या नाटकांत पात्रे स्वतः पदे गात, त्यामुळे सर्व पदे एकट्याने म्हणणाऱ्या सूत्रधाराची आवश्यकता संपली. किर्लोस्कर हे नाटककार होते आणि आपल्या मंडळीचे चालकही होते. रचना आणि तिचे उत्पन्न एकाच हाती असावे, ही विष्णुदासांनी दौऱ्यांच्या काळात स्वीकारलेली पद्धत त्यांच्याकडे अधिक सुस्थिर रूपात दिसते. 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८८५ साली, किर्लोस्करांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची मंडळी इतरांच्या हाती राहिली आणि नाटककार व मालक हे पुन्हा वेगळे झाले.

व्यावसायिक दृष्टीने 'नाट्यकवितासंग्रहा'ला उशीर झाला होता. परंतु छापील ग्रंथामुळे कोणती पदे कोणाची हे निश्चित झाले. प्रयोगांतून, नटांच्या तोंडून आणि इतर मंडळ्यांच्या खेळांतून पसरलेल्या रचनेला कर्त्याचे नाव कायमचे जोडले गेले. नाटकाची आयत्या वेळची भाषणे काळाच्या ओघात नाहीशी झाली. विष्णुदासांची पदे मात्र उरली, कारण ती छापली गेली.

उत्तरायुष्य आणि निधन

नाट्यव्यवसाय सोडल्यानंतर विष्णुदासांचा मुक्काम मुख्यतः सांगलीसच होता. त्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या पुढील काळात जतन झाल्या आणि विसाव्या शतकात शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांचे पुनरुज्जीवन करून प्रयोग सादर केले. ९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदासांचे निधन झाले. ज्यांच्या अल्पवयीनतेच्या काळात त्यांचा राजाश्रय तुटला, ते धुंडिराजराव पटवर्धनही त्याच वर्षी निवर्तले. विष्णुदासांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९०३ साली, आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमी' हा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात विष्णुदासांच्या कार्याची नोंद घेतली गेली.

'आद्य' या बिरुदाविषयी

मराठीतील पहिले नाटक कोणते याविषयी एकापेक्षा अधिक मते आहेत. तंजावरचे भोसले राजे शहाजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रचलेले 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक सीतास्वयंवराच्या दीडशे वर्षे आधीचे आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे १८५५ सालचे 'तृतीय रत्न' हे पौराणिक कथेचा आधार न घेता सामाजिक विषयावर लिहिलेले पहिले नाटक मानले जाते. मात्र महाराष्ट्रात सलग चालत आलेल्या व्यावसायिक रंगभूमीचा उगम विष्णुदासांच्या नाटकांतच आहे याविषयी सर्वसाधारण एकमत आहे. तंजावरात राजा स्वतःच नाटककार असल्याने कर्तृत्व आणि आश्रय यांत भेद नव्हता. सांगलीत राजा आश्रयदाता आणि विष्णुदास कर्ता होते. नाट्यकृती कोणाच्या नावाने ओळखावी हा प्रश्न तेथे निर्माण होऊ शकला असता. इतिहासाने त्याचे उत्तर कर्त्याच्या बाजूने दिले. चिंतामणरावांचे नाव प्रेरक म्हणून आदराने घेतले जाते, तर नाटक विष्णुदासांचे मानले जाते.

नंतरचा कायदा

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, नोकरीच्या करारात राहून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरीस ठेवणारा असतो. या कसोटीवर संस्थानच्या पदरी असलेल्या कलावंताच्या नाटकावर संस्थानचाच हक्क सांगता आला असता. मात्र त्याच कायद्याने हक्क दुसऱ्याकडे गेल्यानंतरही कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा विशेष अधिकार लेखकाकडे राखला आहे. चित्रपटांसाठी गीते व संगीत रचणाऱ्यांच्या दीर्घकाळच्या तक्रारींनंतर २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज गीताचा अन्य मार्गांनी वापर झाल्यास त्या स्वामित्वधनातील समान वाटा गीतकार व संगीतकार यांना सोडून देता येत नाही. एकदा मोबदला दिला की निर्मात्याचा संबंध संपला, ही जुनी समजूत या दुरुस्तीने काही प्रमाणात बाजूला सारली. विष्णुदासांच्या रचना आज सार्वजनिक मालकीच्या असून त्या कोणालाही वापरता येतात.

स्मृती आणि सन्मान

सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणून लौकिक मिळवून देणाऱ्या परंपरेच्या आरंभी विष्णुदासांचे नाव आहे. सांगलीजवळील हरिपूर येथे जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे याच परिसरातील पुढील पिढ्यांचे थोर नाटककार होत. सीतास्वयंवराला शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९४३ साली सांगलीत नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद विनायक दामोदर सावरकर यांनी भूषवले. सांगलीतील आणि नवी मुंबईतील वाशी येथील नाट्यगृहांना विष्णुदासांचे नाव देण्यात आले आहे. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती, सांगली या संस्थेतर्फे रंगभूमीच्या प्रदीर्घ सेवेसाठी 'विष्णुदास भावे गौरवपदक' देण्यात येते. ते मराठी रंगभूमीवरील मानाच्या पुरस्कारांपैकी एक समजले जाते आणि मराठी रंगभूमी दिनी समारंभपूर्वक प्रदान केले जाते.